हाकेबाहेरची झाडं

आमच्याकडे जैतुनाचं एक झाड दुसऱ्यापासून इतकं लांब असतं, की परगावचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा हमखास विचारतो, "मधली झाडं चोरीला गेली काय हो?" हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलोय, म्हणून हल्ली सरळ 'हो' म्हणून टाकतो. उत्तरेकडून माझ्या घाण्यावर पेंड न्यायला आलेला एक ट्रकवाला तर बिचारा हळहळला. म्हणाला, "चौकीवर कळवलंत का?" मी म्हटलं, "कळवलं. पण चोर ढग निघाला. तो इकडे फिरकेल तेव्हा पकडायचा ना."

गंमत सोडा. स्फाक्सच्या या वाळूत पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. त्या तेवढ्या ओलीवर एका झाडाने जगायचं, तर आजूबाजूची भलीमोठी जमीन त्याला एकट्याला लागते. वरून बघाल तर झाडं एकेकटी उभी. खाली मात्र मुळं लांबवर जाऊन शेजारणीच्या उंबऱ्याशी थांबलेली. जवळजवळ लावलीत तर पहिली काही वर्षं रान हिरवंगार दिसतं, येणारा जाणारा 'वा' म्हणतो. मग एक दुष्काळ पडतो आणि सगळी एकमेकांच्या तोंडचं पाणी ओढून वाळतात. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्याला नेमका शब्द काढला तो खमैसने. तो म्हणायचा, "झाडं हाकेबाहेर लावावीत." एकाने हाक मारली तर दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये.

मी बुराऊई. अगारबच्या फाट्यावरचा तेलाचा घाणा माझा. आता मोटरीवर चालतो, तेव्हा उंटावर चालायचा. मी मदरशात तीन हिवाळे काढले, तेवढंच माझं शिक्षण. पण त्या उंटाने जन्मभर गोल फिरून जितकी अक्कल कमावली, तितकी माझ्या वर्गातल्या कुणी कमावली नाही. घाण्यावर जो माणूस तेल काढायला येतो तो बोलतो, कारण जैतुन दळून पिळून होईपर्यंत त्याला दुसरा उद्योग नसतो. म्हणून मला सगळ्यांच्या गोष्टी ठाऊक. खमैसची त्यातल्या त्यात जास्त, कारण तो कमी बोलायचा. कमी बोलणाऱ्याचं लक्षात राहतं.

खमैस आणि त्याचा धाकटा भाऊ लारूसी, दोघांना बापाकडून मिळाला तो एक मेंढरांचा कळप. बाप गेला, मेंढरं विकली, पैसे निम्मे निम्मे केले. लारूसीने त्यात मार्सेलला जायचं बोटीचं भाडं आणि एक चामड्याचा कोट घेतला. खमैसने एक उंट घेतला, कुळव घेतला आणि हाज ताहरच्या पडीक जमिनीवर अर्धेलीने झाडं लावायला घेतली.

ही अर्धेली म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा. लावणाऱ्याने हरळी खणून काढायची, खड्डे घ्यायचे, जुन्या झाडाच्या बुंध्याचे गड्डे पुरायचे, पहिले उन्हाळे पाठीवरून पाणी आणून घालायचं, आणि वर्षानुवर्षं कुळव मारून माती चाळलेल्या पिठासारखी ठेवायची. तोवर फळ नाही. पोटासाठी ओळींच्या मधे जव पेरा, हरभरा पेरा, चार बदामाची झाडं लावा. मग दहा-पंधरा वर्षांनी एक हंगाम असा येतो, की फळातून कुळवणीचा खर्च निघतो. त्या वर्षी वाटणी. झाडांसकट निम्मी जमीन मालकाची, निम्मी लावणाऱ्याची, कायमची. रेघ लावणाऱ्याने मारायची आणि बाजू मालकाने आधी निवडायची, म्हणजे कुणी कुणाला फसवायला नको.

ऐकायला किती छान. पण मधल्या वर्षांत लावणारा मालकाकडून जी उचल घेईल ती त्याच्या निम्म्यातून कापली जाते. आणि मालक उचल कधी नाही म्हणत नाहीत. लग्न आहे, घे. जव करपले, घे. पोराची सुंता आहे, संकोच कसला, घे. फळ धरेपर्यंत निम्मी बाजू उचलीने खाऊन टाकलेली असायची. झाडं जागच्या जागी, आणि ज्याने लावली तो त्याच झाडांखाली रोजाने फळं वेचतोय. असे लोक मी घाण्यावर कितीतरी बघितले. स्वतः लावलेल्या झाडाच्या तेलात भाकरी बुडवायला ते माझ्याकडे वाटीभर तेल विकत मागायचे.

खमैसने ठरवलं, एका मिलीमचीही उचल घ्यायची नाही. त्याला ती निम्मी बाजू पुरी हवी होती. तिथे घर बांधायचं त्याने मबरूकाला कबूल केलं होतं.

मबरूका त्याची बायको. मासेमारांच्या वस्तीतली, अकरा भावंडांतली, जिच्या घरात सगळे बोलणारे आणि ऐकणारं कुणी नाही अशी. तिला त्याने आणलं ते त्या रानातल्या एका खोपटात. शेजारी टाकं, बाहेर उंट, आणि मग क्षितिजापर्यंत गुडघ्याएवढी रोपं. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "इथे झाडंसुद्धा एकमेकांशी बोलू शकत नाहीत."

खमैसला ते कौतुक वाटलं. म्हणाला, "हो, तशीच लावलीत."

मबरूका अधूनमधून घाण्यावर यायची. हातात रिकामी बरणी असायची, पण तेल मागायची नाही. दाराशी बसून राहायची. माझी बायको होती तेव्हा, तिने विचारलं, "काय हवंय गं?" तर म्हणाली, "काही नाही, खाला. जरा आवाज ऐकायला आले." जात्याची घरघर, हमालांच्या शिव्या, उंटाच्या गळ्यातली घंटा. ते सगळं कानांत भरून घ्यायची आणि ऊन कलायच्या आत परत जायची.

मग दोन वर्षं पाऊस आला नाही. जव हातभरही वाढले नाहीत. टाक्याचा तळ दिसायला लागला. खमैस दिवसभर दूरच्या विहिरीवरून पखाली आणून रोपांना घालायचा आणि संध्याकाळी दोघं भाजलेल्या जवाचं पीठ तेलात कालवून खायची. अशात एके दुपारी हाज ताहर आला. स्फाक्सच्या बाजारातला कापडाचा व्यापारी, माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. येताना साखर आणि चहा घेऊन आला. मी त्याच्याच गाडीतून आलो होतो, म्हणून समोर होतो.

हाजने रोपं पाहिली, हातात माती घेऊन सोडली आणि म्हणाला, "खमैस, तुझ्यासारखा हात मी पाहिला नाही. पण पोरा, तू वाळत चाललास. माझ्याकडून काही घे. शहरात एक खोली घे, बायकोला तिथे ठेव. तू इथे ये-जा कर. वाटणीच्या वेळी बघू."

"वाटणीच्या वेळीच तर बघायचं नाहीये, हाज," खमैस म्हणाला.

"अरे, थोडं घेतलंस म्हणून काय सगळं जातं?"

"उंटाने तंबूत आधी नाकच घातलं होतं."

हाज हसला. "मला उंट म्हणतोस?"

"नाही. उंट माझा आहे. बाहेर बांधलाय."

मबरूका खोपटाच्या दारात चहा ओतत होती. तिने भांडं खाली ठेवलं. आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा मागून तिचा आवाज आला, शांत, भांडणाचा अजिबात नाही. "खोली मिळत होती, खमैस."

"झाडं फळली की घर बांधू."

"केव्हा फळतील?"

"पाच वर्षांत थोडी. दहा-बारात चांगली."

"तोवर मी काय करू? मलाही पाणी घालून ठेवणार आहेस का?"

त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. त्या थंडीत मबरूका स्फाक्सला आपल्या विधवा मावशीकडे गेली. तलाक नाही, तंटा नाही. म्हणाली, झाडं फळली की ये न्यायला. मावशीकडे शिवणाचं यंत्र होतं, त्यावर ती शिवायला लागली.

खमैस रानात एकटा उरला.

एकटा म्हणजे कसा, ते सांगतो. दर गुरुवारी तो अंडी, बदाम, कधी रानातल्या काप्परीच्या झुडपाच्या खारवलेल्या कळ्या घेऊन शहरात मबरूकाकडे जायचा, शुक्रवारची नमाज करून परत यायचा. बाकी दिवस कुळव आणि उंट. कधी जायला वाहन मिळायचं नाही, तर ते अंड्यांचं टोपलं घाण्यावर माझ्या बायकोला देऊन परत फिरायचा. एकदा मी त्याच्या रानावरून जात होतो, तर हा एका झाडाशी उभा राहून मोठ्याने ओरडत होता. मला वाटलं साप निघाला. धावत गेलो, तर म्हणाला, "काही नाही. हाक कुठवर जाते बघत होतो."

"कुठवर जाते?"

"जाते लांब. परत येत नाही."

मी घरी जाऊन हे हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही. तिने दुसऱ्या दिवशी त्याला मासे पाठवले.

हंगामात घाण्यावर तेलाचा भाव रोज ओरडून सांगायची माझी पद्धत. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा. बागा नसलेली माणसंसुद्धा तो ऐकायला जमायची. भाव चढला की उगाच खूश, उतरला की जेवणावरून उठायची. खमैस आला की दोन्ही कानांवर हात ठेवून आत शिरायचा. म्हणायचा, "जे विकायचं नाही त्याचा भाव ऐकून कान कशाला मळवायचे?" माझा नातू आता ल्योंला असतो, कसलेसे समभाग घेतो आणि जेवताना दर घासाला फोन उघडून त्यांचा भाव बघतो. मी त्याला खमैसचं हे वाक्य सांगितलं. त्याने फोन उलटा ठेवला. तीन घास तरी नीट जेवला असेल.

लारूसी दर उन्हाळ्यात मार्सेलहून यायचा. एका वर्षी गाडीच्या टपावर फ्रिज बांधून आणला. गावात तेव्हा वीज नव्हती. आईच्या खोलीत मधोमध त्याने तो उभा केला आणि आईने त्यात सणाचे कपडे ठेवले. छान राहिले हो, कसर लागली नाही. पुढच्या वर्षी त्याने गावातल्या लोकांचे पैसे गोळा करून एक जुना ट्रक घेतला. लिबियात भाजी न्यायची, तिकडून कापड आणि टायर आणायचे, वर्षात दुप्पट. पी हळद आणि हो गोरी. खमैसकडे येऊन माझ्यासमोर म्हणाला, "दादा, तुझा पैसा मातीत झोपलाय. उंट विक आणि ये माझ्यात. पुढच्या उन्हाळ्यात वहिनीला बंगल्यात ठेव."

खमैसने विचारलं, "हद्द बंद झाली तर?"

"हद्द कशाला बंद होईल?"

"पाऊस कशाला थांबेल, असं मीही म्हणायचो."

"तुला ना, दादा, आनंदाचीच भीती वाटते."

"भीती नाही रे. ओळख कमी."

पहिल्या उन्हाळ्यात ट्रकने खरंच पैसे दिले. गाव लारूसीच्या पाठीवर थाप मारून थकलं आणि खमैसची टिंगल करून थकलं. नंतरच्या वर्षी हद्द बंद झाली. ट्रक आमच्या फाट्यावर येऊन उभा राहिला तो राहिलाच. पुढे त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. लोकांना गुंतवणुकीचा परतावा म्हणून मी एकेक अंडं वाटायचो. काहींना विनोद आवडला नाही. खमैसने मात्र भावाला एका शब्दाने टोचलं नाही. मार्सेलला परत जायला लारूसीकडे भाडं नव्हतं, तेव्हा त्याने बदामाचं त्या वर्षीचं सगळं पीक विकून ते दिलं. मी म्हटलं, "यातून तू मबरूकाला खोली करू शकला असतास." म्हणाला, "तिने घर मागितलंय." एवढंच. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस बरोबर आहे आणि तरी कुठेतरी याचं गणित चुकतंय. पण काय चुकतंय ते मला सांगता येईना.

झाडं वाढली. डोक्याएवढी झाली, मग डोक्यावर गेली. तुरळक फळ दिसू लागलं. वाटणी जवळ आली तशी मी त्याला एक युक्ती सांगितली. ती आमच्याकडे सगळेच करतात: शेवटची दोन-तीन वर्षं एका बाजूला शेणखत घालायचं, छाटणी झकास ठेवायची. मालक हिरवी बाजू बघून ती उचलतो. पण त्या खताने झाड भराभर पालवतं आणि पुढे दमतं. दबलेली बाजू लावणाऱ्याला मिळते, ती नंतर उसळते. कधी कधी डाव उलटतो. एकाने अशी बाजू सजवली आणि मालक म्हणाला, मला आपली दुसरीच बरी वाटते. सजवणाऱ्याने तिथेच वाळूत बसकण मारली.

खमैस म्हणाला, "कुठली बाजू माझी होणार ते मला माहीत आहे का?"

"नाही. म्हणून तर युक्ती."

"माहीत नाही, म्हणजे दोन्ही माझ्याच. तोवर मी एकीला उपाशी कसा ठेवू?"

मी उंटाला चारा घातला.

वाटणीच्या दिवशी हाज ताहर काठी टेकत आला. म्हातारा झाला होता. दोन साक्षीदार होते, त्यात मी एक. खमैसने कुळवाने रानाच्या मधून सरळ रेघ मारली. रेघ अगदी न्यायाची होती; फक्त टाकं आणि खोपट पूर्वेच्या बाजूला पडलं, कारण टाक्याचे काही दोन तुकडे करता येत नाहीत. हाज पूर्वेकडे फिरला, मग पश्चिमेकडे. झाडांच्या बुंध्यांना हात लावून बघितलं, फांद्या वाकवून फळ चाचपलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी परत आला आणि जरा वैतागूनच म्हणाला, "खमैस, तू माझी पंचाईत केलीस. निवडायला काही ठेवलंच नाहीस."

"मग डोळे मिटून निवडा, हाज."

"म्हातारा माणूस आहे मी. तहान लागते." त्याने काठी टाक्याकडे रोखली. "पूर्व."

अशी खमैसला पश्चिम मिळाली. पुरी निम्मी, एक फांदीसुद्धा न कापलेली. आमच्या भागात अशी पुरी वाटणी मी तेवढी एकच पाहिली. आणि त्यावर ना छप्पर, ना पाण्याचा थेंब. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. म्हणाला, "बरं झालं. त्या खोपटात मबरूकाला पुन्हा न्यायला मला लाजच वाटली असती."

त्या हंगामाच्या तेलाचे पैसे हातात आले तसे त्याने रेघेजवळ दोन खोल्यांचं घर बांधलं, नवं टाकं खणलं. दारं निळी. एक खोली मोठी, शिवणाच्या यंत्राला खिडकीजवळ जागा. मग मला म्हणाला, "बुराऊई, तुझी पिकअप गाडी दे. तिला उंटावरून आणायची नाही. सामान असेल."

आम्ही शहरात गेलो. त्याने धुतलेला जुब्बा घातला होता आणि सीटवर आमच्या मधे नवी रजई ठेवली होती, मागे टाकली तर धूळ लागेल म्हणून. मबरूकाची खोली एका अरुंद बोळात होती. मावशी कधीच गेली होती. खोलीत तीन मुली कापड बेतत बसल्या होत्या, एक रेडिओ वाजत होता, वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारत होतं की मिरची आहे का, आणि मबरूका तोंडातल्या टाचण्या न काढता ओरडून सांगत होती की आहे, टोपली सोड. आम्हाला पाहून तिने टाचण्या काढल्या.

"फळली?" तिने विचारलं.

"फळली. घर झालंय. निळी दारं."

ती खरंच हसली, सगळ्या चेहऱ्याने. आम्हाला बसवलं, चहा केला, त्यात बदाम टाकले, त्याचेच आणलेले. मग त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "खमैस, मी इथे बारा वर्षं राहिले. माझ्याकडे मुली शिकतात. या बोळात माझ्याशिवाय कुणाची नवरी तयार होत नाही. मी तिथे जाऊन काय करू?"

"यंत्राला जागा ठेवलीय."

"शिवू कुणाचं? झाडांचं?"

मी चहाकडे बघत राहिलो. त्या चहात इतकं बघण्यासारखं काही नव्हतं.

मग ती म्हणाली, "तू ये इकडे."

"आणि झाडं?"

"झाडांना एकटं राहायला तूच शिकवलंस की."

त्यात टोमणा होता, पण राग नव्हता. तिने त्याच्या जुब्ब्याच्या बाहीला निसटलेला टाका पाहिला, सुई घेतली आणि तो तिथेच, त्याच्या अंगावरच, घालून दिला. दातांनी दोरा तोडला. ती एवढी जवळ आली तेव्हा खमैसने डोळे मिटून घेतले होते, मी पाहिलं.

परतीच्या वाटेवर रजई आमच्या मधेच होती. अगारबच्या फाट्याशी त्याने रजईची घडी नीट केली. मग म्हणाला, "जैतुनाला वाट बघायला लावता येतं. मला वाटलं सगळ्यांनाच येतं."

पुढे पुष्कळ वर्षं तो त्या निळ्या दारांच्या घरात राहिला. गुरुवारी शहरात, शुक्रवारी परत. आता जायला मोटर हमखास मिळायची, एवढाच फरक. तेलाच्या पैशाची त्याची रीत साधी होती. जैतुन एक साल देतं, एक साल रुसतं; म्हणून देत्या सालात रुसलेल्या सालाचं बाजूला काढायचं, एक वाटा मातीला परत द्यायचा, एक मबरूकाकडे पोचवायचा, उरेल त्यात जेवायचं. भाव आभाळाला भिडला त्या वर्षी गावातल्या लोकांनी बागा विकून शहरात दुकानं घेतली. हा जेवढं दर वर्षी विकायचा तेवढंच विकून घरी गेला. भाव कोसळला त्या वर्षीही तेवढंच. लारूसी पेन्शनीत आला तेव्हा फुप्फुसं गेलेली होती. त्यालाही याच झाडांनी पोसलं आणि पुरलं. कुणी म्हणालं, खमैस, तू शेवटी श्रीमंत झालास. तो म्हणाला, "हो, ऐकायला कुणी नसलं तरी झालो खरा."

अशाच एका थंडीत मी त्याच्या रानावर गेलो, तर हा घराच्या दारापुढच्या जुन्या झाडाशेजारी खड्डा घेत होता. शेजारी म्हणजे कसा, हात लांब केला तर दोन्ही बुंध्यांना लागेल असा. बाजूला जैतुनाचा गड्डा ठेवलेला. मला वाटलं, म्हातारपणाने भ्रमिष्ट झाला.

"अरे, हे काय? दोन्ही मरतील."

"मरणार नाहीत. खुरटतील."

"फळ धरणार नाही नीट."

"ठाऊक आहे."

"मग?"

त्याने गड्ड्यावर माती लोटली, पायाने दाबली आणि म्हणाला, "हे अर्धेलीत नाही, बुराऊई. याची वाटणी नाही."

ज्या माणसाने जन्मात एक झाड हाकेच्या आत लावलं नाही त्याने ते लावलं आणि उन्हाळाभर पाणी घातलं. लोक मला विचारायचे, खमैसचं डोकं ठीक आहे ना. मी म्हणायचो, डोकं ठीक आहे.

तो गेला तो त्यानंतर काही वर्षांनी, ऐन फळाच्या सालात, काढणी सुरू व्हायच्या आधी. झाडं वाकली होती. मबरूका आली. सगळे विधी झाल्यावर ती शहरात परत जाईल असं आम्हाला वाटलं, पण ती काढणीला थांबली. आमच्याकडच्या बायका बोटांवर बोकडाच्या शिंगांची टोपणं चढवून फांद्या विंचरतात, तिनेही चढवली. केस पांढरे झाले होते, पण बोटं शिवणकामाची, भराभर चालत होती. दारापुढच्या जोडीशी आली आणि थांबली. दोन्ही झाडं खुरटलेली, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, कुठली कुणाची ते कळत नव्हतं.

"बुराऊईभाई, ही दोन अशी का?"

मी म्हटलं, "लावताना चुकला असेल."

"खमैस लावताना चुकत नाही," ती म्हणाली. बोटांवरची शिंगं एकेक करून काढली आणि त्या दोन झाडांची फळं नुसत्या हातांनी तोडली.

बाग तिने विकली नाही. शहरातून लोक येतात, नळाचं पाणी देऊ म्हणतात, मधे दहापट झाडं बसवू, तीन वर्षांत फळ. ती त्यांना चहा देते आणि पाठवून देते. राहते बोळातच, मुलींच्या गलक्यात. काढणीला मात्र दर वर्षी निळ्या दारांच्या घरात येऊन राहते आणि दिवसभर कुणाशी बोलत नाही.

सगळं फळ माझ्या घाण्यावर येतं, त्या दोन झाडांचं सोडून. ते ती ठेचून मिठाच्या पाण्यात घालते आणि परत जाताना एक बरणी माझ्या दाराशी ठेवते. माझी बायको आता नाही, मुलं लांब आहेत, बरणी मलाच संपवायची असते. फळं बारीक असतात, बोराच्या बीएवढी, आणि कितीही दिवस ठेवा, कडूपणा पुरता जात नाही. पाणी कमी पडतं ना त्या दोघांना. मी जवाच्या भाकरीबरोबर एकेक खातो.